मायोनच्या पायथ्याचं गाव

बर दुबईतल्या आमच्या घराचा पहिला आवाज नारळाचा होता. आई न्हाणीघराच्या उंबऱ्यावर नारळ आपटायची, पाणी वाटीत धरायची आणि मग स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून खवायला घ्यायची. बसून नारळ खवायचं ते लाकडी पाटासारखं साधन, पुढे दातेरी पातं असलेलं, आमच्या मालवणकडे त्याला आडाळो म्हणतात, ते तिने लग्नानंतर दोन वर्षांनी सामानातून इथे आणलं होतं. विमानतळावर त्याचं पातं बघून कस्टमवाल्याने तिला अर्धा तास उभं केलं होतं म्हणे. बाबा ती गोष्ट आल्यागेल्याला सांगायचे आणि आई दर वेळी म्हणायची, "अर्धा तास काय, दिवसभर उभी राहिले असते. मिक्सरातल्या खोबऱ्याला चव असते का?" खालच्या गल्लीत कापडाच्या दुकानांची शटरं वर जायची, मशिदीची बांग होऊन गेलेली असायची, एसीचं पाणी बादलीत टपकत असायचं, आणि त्या सगळ्याच्या खाली आईची खवणी खर्र खर्र चाललेली. आई गेली त्याला आता एक हिवाळा उलटला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मरीना भागातल्या ज्या इमारतीत मी राहते तिथे एकाही घरातून आवाज बाहेर येत नाही. पहाटे जाग आली की मी नुसती ऐकत पडते.

लोर्नाने आमच्याकडे खोली घेतली ती या खवणीमुळे. बाबा खाडीपलीकडच्या देऱ्यातल्या एका मालवाहतुकीच्या कचेरीत हिशेबनीस होते, आणि घर दोन खोल्यांचं असलं तरी एक खोली भाड्याने दिल्याशिवाय ते परवडत नसे. आमच्या जिन्यात सगळ्यांचीच तशी रीत होती. लोर्ना खोली बघायला आली तेव्हा मी शाळेतून नुकतीच आले होते. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, पांढऱ्या ब्लाऊजवर एजन्सीची निळी नावपट्टी लावलेली. तिने खोली नीट पाहिलीच नाही. स्वयंपाकघराच्या दारात थांबली, खवणीकडे बघितलं, बूट काढले आणि सरळ त्या पाटावर जाऊन बसली. "हमारा घर में भी सेम सेम!" ती ओरडली. अर्धी खवलेली वाटी उचलून तिने चार-पाच वेळा फिरवली. आईने वाकून परातीतला कीस पाहिला. तो आईच्या किसापेक्षा बारीक होता. "राहू दे हिला," आई बाबांना म्हणाली.

ती फिलिपिन्समधल्या बिकोल नावाच्या प्रांतातली. नकाशात तो प्रांत एखाद्या शेपटासारखा समुद्रात गेलेला दिसतो, दोन्ही बाजूंनी पाणी, आणि मधोमध मायोन नावाचा ज्वालामुखी. तिचं गाव त्या डोंगराच्या पायथ्याशी होतं. ती माझ्या आईला आते म्हणायची. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला तसं म्हणतात. आपल्याकडे आते म्हणजे वडिलांची बहीण, म्हणून पहिल्यांदा ऐकल्यावर बाबा म्हणाले, "चला, बहीण मला नव्हती, ती आता बायकोच्या रूपाने मिळाली," आणि आईने त्यांना उलथनं दाखवलं. मी आणि धाकटा निनाद तिला तिता म्हणायचो. मावशी, आत्या, काकू, सगळ्यांना मिळून त्यांचा तो एकच शब्द. आई आणि ती एकमेकींशी मोडक्या हिंदीत आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत बोलायच्या. पण मला आता ते बोलणं बहुतेक मराठीतच ऐकू येतं, म्हणून तसंच लिहिते आहे.

तिचं काम असं की ती देऱ्यातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर बसून लोकांना सहली विकायची, आणि त्या सहलींत तिचा स्वतःचा मुलूखही होता. सकाळी खाडीवर जाऊन अब्रात, म्हणजे त्या लाकडी होडीत, बसून पलीकडे जायची, आणि दिवसभर आपलं घर दुसऱ्यांना दाखवायची. नवीन माहितीपत्रक आलं की घरी आणून आमच्यावर सराव करायची. बाबा गिऱ्हाईक व्हायचे, पायावर पाय टाकून बसायचे. "बोला मॅडम, काय आहे तुमच्या बिकोलात?" मग ती सांगायची. मायोन डोंगर असा, की त्याच्या दोन्ही बाजू एकसारख्या, कुठे वाकडेपणा नाही. आई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "सुपातून ओतलेल्या राशीसारखा," आणि लोर्नाने ते वाक्य लगेच पाठ करून टाकलं. तो लाजाळू आहे, ती सांगायची, लोक तीन-तीन दिवस राहतात आणि तो ढग बाजूला करतच नाही. दोनसोल नावाच्या गावच्या समुद्रात बससारखे लांब, ठिपक्यांचे मासे येतात. त्यांच्याबरोबर पोहता येतं, हात मात्र लावायचा नाही. ते कोणाला चावत नाहीत, नुसतं तोंड उघडं ठेवून फिरतात. "म्हणजे आमचा मॅनेजर," बाबा म्हणाले. नागा शहरात देवीची मूर्ती नदीतून होडीने नेतात, काठावर माणूस मावत नाही. भर उन्हात गल्लीत उभं राहून खाव्या अशा पिलीच्या बिया, बदामापेक्षा मऊ, साखरेत घोळवलेल्या. आणि मिरच्या. "सगळ्या फिलिपिन्समध्ये मिरची खाणारे आम्हीच," ती छाती पुढे काढून म्हणायची. आई म्हणायची, "म्हणूनच टिकलीस माझ्याकडे."

अळूवरून दोघींचं मात्र कधी जमलं नाही. लोर्नाकडे अळूची पानं उन्हात वाळवून नारळाच्या दुधात शिजवतात, आलं, मिरची आणि खारवलेली कोलंबी घालून. त्या पदार्थाचं नाव लाईंग. त्याचा एकच नियम, पानं दुधात पडली की शिजेपर्यंत डाव लावायचा नाही. ढवळलं की घसा खाजतो. आमच्या आईचं फदफदं म्हणजे याच्या बरोबर उलट, चिंच घालून, डाळीबरोबर शिजवून, रवीने घोटून घोटून एकजीव केलेलं. घोटलं नाही तर खाजतं, असं आईचं म्हणणं. एका शुक्रवारी दोघींनी शेजारच्या दोन बर्नरवर आपापलं अळू चढवलं. लोर्ना हाताची घडी घालून पातेल्याकडे बघत उभी. आईचा हात शिवशिवत होता. "एकदा, फक्त एकदा तळ मोकळा करते," आई म्हणाली. "नो, आते! हात पीछे!" समोरच्या दारातल्या रशीदा भाभी तेव्हा आल्या. त्या दापोलीच्या बाजूच्या, नवरा देऱ्याच्या धक्क्यावर मालाच्या होड्यांचं काम बघणारा. त्या दाराशी टेकून म्हणाल्या, "दोघी बायका अळवासाठी भांडतायत, आणि जेवायचंय आम्हाला. निनादा, तू सांग रे, कोणाचं चांगलं?" निनादने दोन्हीकडचा घास घेतला आणि म्हणाला, "बोथ आर इची." लोर्ना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. त्या दिवशीच्या लाईंगची चव मला अजून सांगता येईल, दाट, तिखट, तळाशी सुटलेलं नारळाचं तेल. मी नंतर अनेकदा करून पाहिलं. पानं मिळतात, सुकवलेलीसुद्धा मिळतात. मला धीर धरवत नाही, मी ढवळते.

लोर्नाची मुलगी मायलीन तिकडे आजीजवळ होती, माझ्याहून थोडी लहान. लोर्ना तिला सोडून आली तेव्हा ती चालायला शिकत होती. शुक्रवारी दुपारी जेवण झालं की लोर्ना फोन स्पीकरवर टाकून आमच्यात बसायची. मायलीनचं इंग्रजी शाळेतलं, सावकाश, माझ्यासारखंच. ती मला विचारायची, तुमच्याकडे मॉलमध्ये खरंच बर्फ आहे का? मी सांगायची, आहे, पण तिकीट महाग आहे. ती म्हणायची, मी आले की फक्त काचेतून बघू. तिच्या मागे कोंबडे आरवायचे, आजी काहीतरी ओरडायची, आणि पाऊस असला तर पत्र्यावर त्याचा इतका आवाज यायचा की बोलणं थांबवावं लागायचं. शाळेच्या सुट्टीत तिला व्हिजिट व्हिसावर आणायचं ठरलं होतं. लोर्ना दोन वर्षांची रजा साठवून बसली होती. आईने माझ्या पलंगाखालचा ओढायचा पलंग धुऊन उन्हात घातला, मायलीनसाठी मीना बाजारातून फुलाफुलांचा पलंगपोस आणला आणि मला बजावलं, "ती आल्यावर पुस्तकात तोंड खुपसून बसायचं नाही. तिच्याशी बोलायचं." मी कबूल केलं. मला ती यायला हवी होती. शाळेत मला मैत्रिणी नव्हत्या, आणि आवाजाने ओळखीच्या झालेल्या माणसाशी बोलणं सोपं जाईल असं वाटत होतं.

सुट्टीला थोडेच आठवडे उरले असताना तिकडे वादळ आलं. वादळं त्यांच्याकडे दरवर्षी येतात, लोर्ना तेवढी घाबरली नाही. पण त्याआधी काही महिने डोंगर धुमसला होता, आणि वर उतारावर राख आणि दगड साठून राहिले होते. पाऊस एवढा पडला की ते सगळं चिखल होऊन खाली आलं. आम्ही टीव्हीवर पाहिलं. राखाडी रंगाचं, सिमेंट कालवल्यासारखं काहीतरी, त्यातून नारळांचे नुसते शेंडे बाहेर. बातमीदार गावांची नावं घेत होता, आणि लोर्ना टीव्हीच्या अगदी जवळ जमिनीवर बसून ओठांनी ती नावं परत म्हणत होती. तिच्या गावाचं नाव आलं नाही. "आलं नाही म्हणजे चांगलं," आई म्हणाली. आजीचा फोन लागत नव्हता, शेजाऱ्यांचा लागत नव्हता. लोर्ना रात्री कामावरून आली की कपडे न बदलता फोन घेऊन बसायची, आणि सकाळी आम्ही उठायचो तेव्हाही तिथेच असायची. आईने मोदक केले, ती एक खायची. आईने तिचे केस विंचरून दिले. मोठ्या बाईचे केस कोणी विंचरताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग तो दिवस आला. दुपारी बाबांचा कचेरीतून फोन आला. तिथे लोर्नाच्याच अल्बाय जिल्ह्यातला एक कारकून होता, त्याच्या चुलतभावाशी त्याचं बोलणं झालं होतं. चुलतभाऊ लोर्नाच्या गावाच्या वाटेवर जाऊन आला होता. तो म्हणाला होता की वाट संपते तिथून पुढे गाव दिसत नाही. आईने फोन ठेवला आणि स्टुलावर बसली. थोड्या वेळाने उठून तिने रशीदा भाभींना बोलावलं. दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या आणि मी पडद्याआड उभी होते. आईचा कुकर लावलेला होता, शिट्टी व्हायची होती. भाभींनी हात पुढे करून गॅस बंद केला. "आज चूल नको पेटवू गो," त्या म्हणाल्या, "माझ्याकडसून डाळ-भात येईल. तीन दिवस येईल." आई म्हणाली, "पण चूल तर तिची नाही, माझी आहे." "एका घरात राहते ना? मग तिचीच." आईने मान हलवली. ओटा पुसला, बर्नर पुसले, लायटर उचलून फळीवर ठेवला. ज्या घरात माणूस जातं त्या घरात अन्न शिजत नाही, शेजारी आणून वाढतात. ही रीत आमच्याकडची, आणि भाभींच्या घरचीही तीच. आदल्याच वर्षी मालवणला माझे आजोबा वारले तेव्हा याच भाभींनी आमच्या ओट्यावर झाकलेली पातेली आणून ठेवली होती, आणि ते का, हे आईनेच लोर्नाला समजावून सांगितलं होतं. आता त्या दोघींना वाटलं की सांगायचं कसं हा प्रश्नच उरला नाही. लोर्ना येईल, जेवण वाढू, तिला जवळ घेऊ. दोन्ही बायकांनी आयुष्यभर जे केलं, तेच प्रेमाने केलं. त्यात काही चूक असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

लोर्ना संध्याकाळी आली ती जिना चढतानाच हाका मारत. "आते! आते!" तिचा आवाज वेगळा होता. ती कामावरून सरळ चर्चमध्ये गेली होती. तिथे तिला कोणीतरी सांगितलं होतं की खालच्या गावांतले लोक टेकडीवरच्या शाळेत नेऊन ठेवलेत, बरेच लोक, आणि त्यात मुलंही आहेत. बूट काढता काढताच ती बोलत होती. मायलीन पळण्यात पहिली येते, आजीला ओढत नेली असेल तिने, फोन भिजला असेल म्हणून लागत नाही, शाळेत फोन कुठला. आज भूक लागली, आधी भात लावते. बाबा दिवाणखान्यात उभे होते, भाभी उभ्या होत्या, आम्ही सगळेच उभे होतो. ती स्वयंपाकघरात गेली. ओटा कोरडा, पुसलेला. कुकर जागेवर नाही. मधोमध भाभींची दोन पितळी पातेली, वर ताटल्या झाकलेल्या. खिडकीतून रस्त्याच्या दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडला होता. ती तिथेच थांबली. तिने ताटली उचलून पाहिली नाही. वळली आणि आईकडे बघून म्हणाली, "किसने बोला?"

आईने दोन्ही हात पुढे केले. "किसने बोला, आते? कौन देखा?" बाबा घसा खाकरून म्हणाले, तसं नक्की काही नाही, कोणीतरी वाटेपर्यंत गेला होता. "वाटेपर्यंत," लोर्ना म्हणाली. मग तिने फळीवर हात फिरवून लायटर शोधला आणि गॅस पेटवला. एक बर्नर, मग दुसरा, तिसरा, चौथा. चारही मोठे केले. त्यांच्यावर भांडं नव्हतं. त्या चार निळ्या ज्वाळांपुढे ती आमच्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि म्हणाली, "इधर कोई नहीं मरा." भाभी रडायला लागल्या. आई पुढे झाली तशी लोर्ना न वळता म्हणाली, "पीछे." अळू शिजताना म्हणायची तोच शब्द, पण आता त्यात हसू नव्हतं. तिने कुकरमध्ये तिचा भात लावला, तो तिनेच खाल्ला, उभ्याने, नुसता. भाभींचा डाळ-भात आम्ही कोणी खाल्ला नाही. सकाळी तो आंबला होता.

त्यानंतर तिने एक बर्नर कधी बंद होऊ दिला नाही. अगदी बारीक करून त्यावर पाण्याचं पातेलं ठेवायची. कामाला जाताना भरून जायची, आईला काही सांगायची नाही, आणि आईही काही न विचारता दर तासाला त्यात पाणी ओतायची. बाबांनी आणखी एक सिलिंडर आणून गॅलरीत ठेवला. घरात सतत वाफ असायची, खिडक्यांच्या काचा घामेजलेल्या. आईशी ती बोलायची, पण आते म्हणणं थांबलं होतं. आईचं जेवण ती "खाके आया" म्हणून टाळायची. एकदा आईने धीर करून म्हटलं, "लोर्ना, आम्ही काही वाईट नाही चिंतलं गं. आमच्याकडे असंच करतात." लोर्नाने पातेल्यात पाणी ओतलं. "मालूम है," ती म्हणाली. "पर तुमने पहले बंद किया. उधर लोग अभी ढूँढ रहे थे." लोर्ना रागावून बोलली असती तर आई रडून मोकळी झाली असती. पण ती शांतपणे बोलली, आणि आईने ते वाक्य मनात ठेवलं. शेवटच्या आजारात, मरीनातल्या घरी, औषधाच्या गुंगीतून आई मधूनच विचारायची, "गॅस चालू आहे ना?" नर्सला वाटायचं तिला आगीची भीती आहे.

टेकडीवरच्या शाळेत मायलीन नव्हती. आजी सापडली, एका नारळाच्या बुंध्याशी, गावापासून पुष्कळ खाली. एजन्सीने लोर्नाला तिकीट दिलं. ती एका लहान बॅगेत कपडे घेऊन गेली. विमानतळावर मी आणि बाबा होतो. आईला तिने जिन्यातच थांबवलं होतं. ती गेल्यावरही आईने तो बर्नर बंद केला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "माझ्या हाताने नाही." मग एका सकाळी सिलिंडर संपला. आई उठली तेव्हा ज्योत नव्हती आणि पाणी गार होतं. गॅलरीतला दुसरा सिलिंडर बाबांनी लावला, आईने त्यावर चहा केला, आणि आम्ही तो प्यायलो.

लोर्ना परत आली ती पाच-सहा आठवड्यांनी, वजन उतरलेलं, हात भाजल्यासारखे, नखं तुटलेली. लोकांनी खणणं थांबवलं होतं. पुढे ती एकटी खणत होती की आणखी कोणी होतं, हे तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की चिखल वाळला की दगड होतो, कुदळ उडते. त्यांच्याकडे माणूस गेलं की नऊ दिवस संध्याकाळी प्रार्थना करतात, शेजारीपाजारी येतात, खाणं असतं, पत्ते खेळतात, मृताला एकटं ठेवत नाहीत. आजीचे नऊ दिवस तिने केले. मायलीनचे केले नाहीत. चर्चमधल्या बायकांनी इथे करू या म्हटलं तरी नाही. "किस दिन से गिनूँ?" तिने त्यांना विचारलं होतं, असं बाबांच्या कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं. त्याच महिन्यात तिने देऱ्यात एका खोलीत पलंगाची जागा घेतली, सहा बायकांमधली. सामान न्यायला ती टॅक्सी घेऊन आली तेव्हा आईने फुलाफुलांचा पलंगपोस घडी करून पुढे केला. लोर्नाने तो घेतला, छातीशी धरला आणि मग हळूच आमच्या सोफ्यावर ठेवला. रशीदा भाभी जिन्यात उभ्या होत्या. "येत जा गो," त्या म्हणाल्या. लोर्ना म्हणाली, "इन्शाल्ला, भाभी." इथे नाही म्हणायचं नसलं की सगळे तेच म्हणतात.

आई मात्र थांबली नाही. महिन्यातून एकदा ती माझ्या हाती डबा द्यायची आणि मी शाळा, आणि पुढे कॉलेज, सुटल्यावर अब्रातून पलीकडे जाऊन तो लोर्नाच्या काउंटरवर ठेवायची. लोर्ना "थँक यू, अनू" म्हणायची, अभ्यासाचं विचारायची आणि मागच्या वेळचा डबा परत द्यायची, धुऊन पुसून कोरडा केलेला. आतलं ती खात होती की खोलीतल्या बायकांना देत होती, मला कळलं नाही. आई दर वेळी विचारायची, "काही म्हणाली?" मी सांगायची, "बरी आहे. कामात होती." भाभी पुढे कायमच्या दापोलीला गेल्या, निनाद कॅनडाला गेला. आई गेली त्या दिवशी मरीनातल्या माझ्या घरी जेवण ॲपवरून आलं, सगळ्यांचं वेगवेगळ्या पिशव्यांत. आमचा स्टोव्ह विजेचा आहे, काचेचा. तो चालू आहे की बंद, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

लोर्नाला मी शेवटची पाहिली ती तिने आमचं घर सोडल्यावर दोन-तीन वर्षांनी, अशाच एका डब्याच्या दिवशी. काउंटरपुढे एक मराठी जोडपं बसलं होतं, पुण्याचं, नवीनच दुबईत आलेलं. ती गोरीघारी, गळ्यात लहान मंगळसूत्र, तो चष्म्याचा, उत्साही. मी मागच्या खुर्चीवर डबा मांडीवर घेऊन बसले. लोर्ना त्यांना बिकोल दाखवत होती, तीच वाक्यं, त्याच क्रमाने. डोंगर, मासे, देवीची होडी. "जैसे राइस डाला सूप से," ती म्हणाली, आणि पुण्याची बाई हसून नवऱ्याला म्हणाली, "किती छान सांगतात ना." मग लोर्नाने पत्रकाचं पान उलटलं. त्यावर एक नवीन गोष्ट होती, जाड चाकांच्या चारचाकी मोटारसायकली, हेल्मेट घातलेली हसरी माणसं, मागे डोंगर. वाळलेल्या चिखलाच्या पात्रातून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जायचं, पाऊण तासाची फेरी. सगळ्यांत जास्त तेच खपत होतं.

"अरे वा," तो गृहस्थ म्हणाला. "पोरांना आवडेल हे. कुठून कुठपर्यंत जातात?" लोर्नाने नकाशावर बोट ठेवलं आणि ओढत नेलं. ते बोट कुठून गेलं हे मला कळलं, कारण शुक्रवारच्या दुपारी तिने मला तोच नकाशा अनेकदा दाखवला होता. बायको जरा काळजीत होती. "पण चिखल ना तो? गाडी रुतली वगैरे तर?" तिने हे लोर्नाला हिंदीत विचारलं. "नीचे जमीन पक्की है ना?"

लोर्नाने नकाशावरून बोट उचललं नाही. पाठीमागे प्रिंटर चालू होता. रस्त्यावर कोणी टॅक्सीला हाक मारत होतं. मला वाटलं ती उठून आत जाईल. मी डबा घट्ट धरला होता.

"पक्की है, मॅडम," ती म्हणाली. "पहले नहीं थी. अब हो गयी. अब उधर से कुछ ऊपर नहीं आयेगा."

"मग काय, करून टाका," गृहस्थ म्हणाला आणि त्याने चार पासपोर्ट काउंटरवर ठेवले. लोर्नाने ते एकावर एक नीट लावले, मुलांचे वर, आणि कीबोर्ड पुढे ओढला. "जेवण व्हेज की नॉन-व्हेज?" तिने विचारलं.